बेंडेचं शून्य

चार इंजिनिअर एका खोलीत कोंडले की कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. हिंजवडीत आमचं काम होतं लॉगचं. म्हणजे सर्व्हरला काही झालं की त्यानं एक ओळ लिहून आमच्याकडे पाठवायची. ती ओळ कशी लिहायची हे आम्ही त्याला शिकवायचं. त्याचं एक स्टँडर्ड होतं, आणि ते कोळून प्यायलेल्या आमच्या लीड, जोशी मॅडम. अख्खं ऑफिस त्यांना टरकून!

त्यात अमरावतीहून बेंडे आला. प्रोबेशनवर. टिकला तर कायम, नाहीतर परतीची गाडी.

*

प्रत्येक ओळीला गंभीरपणाचा नंबर द्यायचा. सात म्हणजे किरकोळ, शून्य म्हणजे हाहाकार. बेंडेनं पहिल्याच दिवशी सरसकट शून्य दिलं. लाल दिवे, भोंगा! कंपनीच्या बसमध्ये बसलेली माणसं उतरून धावत आली.

"मॅडम, शून्य म्हंजे काहीच नाही ना जी!"

"अहो बेंडे, शून्य म्हणजे आग. आपण सकाळपासून लावताय."

*

मशिनच्या नावात मधे जागा सोडायची नाही. जागा दिसली की नाव संपलं, पुढचा सगळा निरोप, असं प्रोग्राम धरतो. बेंडेनं नव्या मशिनचं नाव ठेवलं 'येरवडा जेल'. झालं! स्क्रीनवर सारखं एकच: येरवडा कळवतो की, जेल.

मॅनेजर भडकले. मॅडम म्हणाल्या, "ऑफिसचं वर्णन म्हणून ठीक आहे. नाव म्हणून चुकलंय."

*

ओळ फार लांबली की शेपूट कापलं जातं. आणि बेंडे पडला आदबीचा! 'महोदय, कळवण्यास अत्यंत खेद होतो की...' खेद पोचायचा, बिघाड कापला जायचा.

"बेंडे, पुण्यात राहताय ना? आधी बिघाड सांगा. खेद आम्हाला नकोय."

*

प्रोबेशन संपायच्या दिवशी मॅनेजर लॉगची एक ओळ छापलेला कागद नाचवत आले. "नऊ मेला सर्व्हर बंद! बेंडेचीच करामत. घरी पाठवा याला."

बेंडे पांढराफटक. मी खुर्चीतून उठलोच. तोवर जीव जडला होता हो त्याच्यावर!

मॅडमनी विचारलं, "वर्ष कुठलं?"

आता, त्या जुन्या स्टँडर्डात तारखेला वर्षच नसतं! मॅनेजरनी कागद उलटासुद्धा करून पाहिला.

"वर्ष नाहीये."

"वर्ष कळलं नाही, मग माणूस कसा कळला? या ओळीतलं मशिन बेंडे यायच्या आधीच भंगारात गेलंय."

मॅनेजरनी बेंडेला कायम करायच्या पत्रावर सही केली. बेंडे जागेवर जाऊन बसला आणि काहीतरी टाइप करायला लागला.

लाल दिवे! भोंगा! स्क्रीनवर एकच ओळ: बेंडे कायम झाला. नंबर शून्य.

मी बंद करायला धावलो. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "राहू द्या. आजचं बरोबर आहे."