वरचे पन्नास

आठवीत शाळा सुटली, तरी आकडे लिहायला मला आवडायचं. हिंगोलीकडचं घर सोडून भिवंडीत आले, तेव्हा जवळच्या वळ गावातल्या सुताच्या गोदामात शेठनी मला वह्या लिहायला ठेवलं. दाखला मागितला नाही. ते उपकार मी विसरले नाही, आणि काम जाईल ही धास्तीही कधी गेली नाही.

दोन हजार पाचच्या सुमारास नव्या शेडसाठी शेठच्या कंपनीने पाच वर्षांचे कर्जरोखे काढले. एक रोखा हजाराचा, वर्षाला शंभर रुपये व्याज, पाच वर्षांनी हजार परत. बँक तेवढं देत नव्हती, म्हणून लोकांनी एकेक रोखा खुशीने साडेदहाशेला घेतला. असे हजार रोखे गेले. वरचे पन्नास हजार मी नफ्यात लिहिले. सुताला भावापेक्षा वर मिळालं की ते नफ्यातच जायचं; मला दुसरं माहीत नव्हतं. नफा पाहून शेठ म्हणाले, सगळ्यांचे पगार तीनशेने वाढवतो. मी पीसीओवरून आईला कळवूनही टाकलं.

आठवड्याने हिशेब तपासणारे चाचा आले.

"हे नफ्यात कोणी टाकलं, बेटी?"

"मी."

"लोकांनी वर पन्नास का दिले? शेठचं तोंड बघून?"

"व्याज जास्त आहे म्हणून."

"मग ते जास्तीचं व्याज आपण पाच वर्षं देणार. त्याची भरपाई त्यांनी आधीच केलीय. म्हणून हे पन्नास हजार पाच वर्षांत वाट, दरसाल दहा हजार व्याजाच्या खर्चातून कमी कर. व्याजाचे हातून जातील लाख, वहीत खर्च दिसेल नव्वद हजार."

लाख जातात तर नव्वद कसे, मला कळेना. त्यांनी एका रोख्याचा तक्ता करायला लावला. साडेदहाशे, हजार चाळीस, हजार तीस, असं उतरत शेवटी बरोबर हजार. तक्ता जुळला, माझं डोकं काही जुळलं नाही.

शेठना मीच सांगायचं होतं. चाचांना सोबत घेऊन गेले आणि तक्ता पुढे ठेवून सांगितलं.

"पैसा बँकेत हाय ना?" शेठ म्हणाले. "परत हजारच द्यायचंय ना? मंग पन्नास माझे न्हाय कसे?"

मला ते अगदी पटलं. मी चाचांकडे बघितलं.

"तुमचेच, शेठ. पण यंदा त्यातले दहाच."

शेठनी तक्त्यावरून बोट खाली नेलं. "मंग पगारवाढ पण तशीच. यंदा साठ, पुढच्या साली आणखी साठ. पाच वर्सांनी तीनशे होतील."

चाचा चष्मा काढून पुसू लागले.

संध्याकाळी आईला पुन्हा फोन केला. "तीनशेच आहेत, पण थोडे थोडे येतील."

"मग आधी तीनशे का सांगितलेस?" आई म्हणाली.