नानांचं बांधलेलं बोट

इतर माणसांची अक्कल डोक्यात असते, आमच्या धुळ्याच्या कचेरीतल्या टंकलेखक नानांची सगळी बोटांत होती. डॉसच्या संगणकावर त्यांनी सात वर्षं पत्रं काढली. तिथे मजकूर जतन करायला कंट्रोल, के आणि मग एस अशी तीन बटणं दाबावी लागत. लाईट कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे नाना ती दर वाक्यानंतर दाबत. पुढे पुढे त्यांना संगणकही लागेना. अमळनेरच्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाने मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तर नानांची बोटं त्याच्याच गुडघ्यावर टक, टक, टक! चांगली गोष्ट ऐकली की ती अशी जपून ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता.

मग विंडोज आलं. त्यात कंट्रोल आणि एस एवढ्यावर काम भागे. पण नानांच्या डॉसमध्ये नेमक्या त्याच बटणांनी कर्सर एक अक्षर मागे सरकायचा. "भाऊ, हाई त मांगे जावानं बटन शे!" असं म्हणून ते हात आखडून घेत. बोटं जुन्याच वाटेने जात. नव्यात के वाया जाई आणि एस तेवढा कागदावर उमटे. वरच्या कचेरीला गेलेल्या एका पत्रात असे चौदा सुटे एस निघाले. साहेब म्हणाले, "महिनाअखेर माझ्यासमोर एक पत्र बिनचूक काढा, नाहीतर आवक-जावकच्या टेबलावर बसा." नानांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते नापास झाले तर त्यांची खुर्चीही माझ्याकडेच येणार होती. मला तिचा मोह होता, खोटं कशाला बोलू?

घरी वहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, पुठ्ठ्यावर बटणं काढली. नव्या पद्धतीने दोन बोटं टेकवल्याखेरीज नानांच्या ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पडत नसे. पहिल्या आठवड्यात ते चांगलेच वाळले.

परीक्षेच्या दिवशी नाना आले ते के दाबायच्या बोटाला चिंधी बांधूनच.

"काय झालं हो?" साहेबांनी विचारलं.

"कापलं, साहेब."

कापलंबिपलं काही नव्हतं. सकाळीच वहिनींनी ती बांधताना मी तिथे चहा पीत होतो. जुन्या वाटेने निघालेलं बोट चिंधीपाशी अडे, नाना थांबत आणि नवी बटणं दाबत. पत्र बिनचूक निघालं. मी ते उचलून साहेबांपुढे ठेवलं. खुर्ची गेल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण झाला तो आनंदच.

चार वर्षांनी निवृत्त होताना नानांनी स्वतः मला त्या खुर्चीत बसवलं. मी म्हणालो, "नाना, चिंधीचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तळव्यावर तीनदा बोट टेकवलं.

"नाना, आता दोनच लागतात!"

"त्या दोन कचेरीना शेत, भाऊ. ह्या तीन मना." दोन कचेरीची, तीन त्यांची स्वतःची.

आता नाना नाहीत. मी डॉसवर कधी काम केलं नाही; तरी कुणी काही चांगलं सांगितलं की माझी बोटं टेबलावर तीनदा वाजतात.