बांगड्या नव्हे, टॅपेट

आमच्या ह्यांचा कान साऱ्या भोरात नावाजलेला होता. बाजारपेठेतून एखादी मोटार नुसती पुढं गेली, तरी हे मान न वळवता सांगायचे, की हिचा पंखा घासतोय किंवा हिच्या चाकात ग्रीस उरलेलं नाही. भाताच्या गिरणीचं इंजिन कुरकुरलं की आधी ह्यांना बोलावणं यायचं. बाकीचे हत्यारं घेऊन जायचे, हे नुसता कान घेऊन जायचे. त्याचा त्यांना गर्व होता, आणि खरं सांगायचं तर माझीही मान त्यामुळं पाणवठ्यावर जरा ताठच असायची.

आमची स्वतःची मोटार म्हणजे एका पेन्शनर साहेबाची जुनी उघडी गाडी. ह्यांनी तिच्या मागच्या बैठका काढून टाकल्या आणि सुताराकडून तिथं फळ्यांचा हौदा बसवून घेतला. पुढं दोघांनी बसायचं. मागं भाताची पोती, हिरडा, कोंबड्या आणि पोत्यांवर मावतील तेवढी माणसं. लढाईचे दिवस होते. पेट्रोल रेशनवर होतं आणि सुटे भाग तर नवस बोलूनही मिळत नव्हते. ती मोटार चालत होती, तोवर आमचं चालत होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर इंजिनातून टकटक यायला लागली. तव्यावर चिमटा आपटावा तशी, बारीक पण एकसारखी. मी पुढं बसायचे ते कधीमधीच, तरी मला ती लगेच ऐकू आली. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "तुज्या बांगड्या वाजत असत्याल." इतक्या खात्रीनं म्हणाले, की मलाच माझ्या हातांचा संशय यायला लागला.

थंडीत माझ्या भाच्याचं बारसं निघालं. माझं माहेर मार्गासनीचं. सकाळीच भोर सोडलं. नसरापूर मागं पडलं, चढ लागला, तशी टकटक वाढली.

"अवं, वाजतंय."

"बांगड्याच हायती गं."

आता सवाष्णीनं बांगड्या काढून ठेवायच्या नसतात. 'काढते' हा शब्दसुद्धा तोंडातून जायचा नाही. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचं. म्हणून मी सगळ्या बांगड्या कोपराकडं सारल्या, वरून पदर गच्च गुंडाळला आणि दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. एक बांगडी हलेल तर शपथ.

"आता?"

ह्यांनी हातांकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. "आता थांबलं की," म्हणाले.

टकटक तर चालूच होती. मागं पोत्यांवर बसलेला म्हातारा धनगर ओरडला, "पावनं, गाडीला उचकी लागलीया जनू!" ह्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, माझ्यावर चिडलेत, त्याचा राग म्हाताऱ्यावर काढतायत.

मार्गासनीला दारात गाडी उभी राहिली, इंजिन अजून चालूच होतं, तेवढ्यात माझा भाऊ पुढं आला आणि म्हणाला, "दाजी, कायतरी टकटकतंय वो." बारशाला जमलेल्या पाहुण्यांदेखत मेहुण्यानं म्हटल्यावर ह्यांना खाली उतरणं भागच होतं. त्यांनी इंजिनावरचं झाकण उचललं.

आवाजाची एक परीक्षा ह्यांनीच मला नव्या लग्नाच्या हौसेत शिकवली होती. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर आवाज बसला, तर बेअरिंग गेलं. ते मोठं दुखणं, सगळं इंजिन उकलावं लागतं. वायर काढूनही आवाज तसाच राहिला, तर व्हॉल्व्हला उचलणारं टॅपेट ढिलं झालेलं. ते साधं पान्याचं काम. हे एकेक वायर काढत होते, पुन्हा लावत होते, वैद्यासारखी मान हलवत होते. आवाज तसूभर बदलला नाही. आणि दर वायरीला हे इंजिनाकडं नव्हे, माझ्या भावाच्या तोंडाकडं चोरून बघत होते.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ह्यांना ती टकटक ऐकूच येत नव्हती. वाटेत त्या धनगराची हाकही ऐकू आली नव्हती.

शेवटची वायर लावून हे सरळ उभे राहिले. "बेरिंग गेलंय," म्हणाले. "लढाई संपस्तवर गाडी आता हितंच उभी ऱ्हानार."

भाऊ हळहळला, पाहुणे चुकचुकले. आवाज तर बदलला नव्हता, म्हणजे दुखणं टॅपेटचं होतं. बेअरिंग गेलं म्हटलं, की पुढं कुणी काही विचारत नाही. हा माणूस आपली चालती मोटार उभी करून ठेवायला तयार होता, पण कान गेला हे म्हणायला तयार नव्हता. मला संताप आला आणि तितकीच कीवही आली. ज्या कानावर अब्रू उभी, तोच दगा देतोय हे चारचौघांत कसं सांगावं माणसानं?

माहेरच्या माणसांपुढं नवऱ्याला खोटं पाडू नये, हे मला कळत होतं. गप्प बसले तर मोटार जाते, हेही कळत होतं. मी मोटारीत वाकले आणि बैठकीखालची त्यांची सागाची काठी काढली. तिचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला, की आतला आवाज नेमका कुठला ते कळायचं. बरेच दिवस त्यांनी ती हातात धरलेली मी पाहिली नव्हती. काठी त्यांच्या हातात दिली. ते ती कानाकडं नेणार, तोच मी मान हलवली आणि बोट माझ्या हनुवटीवर टेकवून दाखवलं.

माझा आजा म्हातारपणी ठार बहिरा झाला होता. तरी भजनात तो एकतारीवर हनुवटी टेकवायचा, तारेची थरथर हाडातून घ्यायचा आणि सुराला पक्का राहायचा. आमच्या लग्नात ह्यांनी त्याला बघितलं होतं, थट्टाही केली होती. त्यामुळं मी काय म्हणतेय ते त्यांना तिथल्या तिथं समजलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता काठी भिरकावतात. पण त्यांनी तिचं एक टोक इंजिनाच्या कुशीला लावलं आणि दुसऱ्यावर हनुवटी दाबली. काठी हळूहळू पुढं सरकवत नेली. एका जागी थांबले. डोळे मिटले.

"हाय," म्हणाले. "हाय की गं. टकटक हाय."

इंजिन बंद करून त्यांनी बाजूचा पत्रा खोलला. एका टॅपेटचा नट ढिला पडला होता. पातळ पत्रीचं माप मध्ये घालून त्यांनी फट नेमकी केली, नट आवळला, हँडल मारलं. टकटक गेली होती. ह्यांनी काठी लावून पुन्हा खात्री करून घेतली.

"दाजी," भाऊ म्हणाला, "तुमी तर बेरिंग म्हनला हुता." भाबडाच होता बिचारा.

अंगणभर माणसं बघत होती. ह्यांनी चिंध्यांना हात पुसले. "म्हनलो खरं," ते म्हणाले. "मला ऐकाय येत न्हाई आता. हिनं वळखलं."

मग हे माझ्याकडं वळले. "मला आपलं वाटायचं, तूच हळू बोलतीयास. बायामानसं बोलत्यात तसं."

खरंच होतं ते. सासरी आलेल्या बाईनं आवाज खालीच ठेवायचा, हेच मला आईनं शिकवलं होतं. त्या शिकवणीआड ह्यांचा कान कधी गेला, ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही.

"आता मोठ्यानं बोलत जा," ते म्हणाले.

आई दारात उभी होती. तिच्यादेखत माझा आवाज खालीच राहिला. "हातपाय धुवा, पानं वाढलीती," मी म्हटलं.

"आँ?"

मग मी पदर खोचला आणि गावाला ऐकू जाईल अशी ओरडले, "जेवाय चला, म्हनलं!"

आई दचकली. पाहुणे हसले. हेही हसले. "एवढं वरडू नगं," म्हणाले, "भैरा न्हाई मी." आणि तसेच मोटारीला टेकून लहान पोरासारखे रडायला लागले.