आत्याबाईंचं दोडक्याचं बी

सासूबाईंच्या सरणात त्यांचं बीसुद्धा जाळून टाकलं, असं मी सगळ्या भावकीला ठणकावून सांगत होते.

खोटं निघालं. देवा, किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!

आज त्यांचं वर्षश्राद्ध. म्हणून ही पोस्ट.

मी सासूबाईंना आत्याबाई म्हणायचे. नेकनूरजवळचं आमचं गाव. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं भाजीला पाणी कोण घालणार?

पण आमच्या न्हाणीमागं दोडक्याचा वेल असायचाच. आंघोळीच्या पाण्यावर.

मी आंघोळीला गेले की बाहेरून आवाज यायचा, "हात आखडू नको गं, माझा वेल बी तहानलाय!"

हे बी त्यांनी लग्नात माहेराहून आणलेलं, आष्टीकडून, पदराच्या गाठीत बांधून. पुढं माहेरी कुणीच उरलं नाही. माहेर म्हणून काय ते एवढंच.

दरवर्षी एक दोडका वेलावरच वाळू द्यायच्या. त्याचं बी ओल्या शेणात घालून घरामागच्या भिंतीला एक गोवरी थापायच्या. शेणात बियाला कीड लागत नाही. आणि चुकून कुणी चुलीत घालू नये म्हणून तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं.

गेल्या उन्हाळ्यात त्या आजारी, म्हणून वेल लावलाच नाही.

अंबाजोगाईला दवाखान्यात माझा हात धरून म्हणाल्या, "बाकी काय मागत न्हाई. ती भिंतीवरली गोवरी तेवढी संबाळ."

मी म्हटलं, "तुम्हीच घरी चला आणि सांभाळा."

आल्या. अँब्युलन्समधून, झाकलेल्या.

मी बायकांत बसून रडत होते. मागं पुरुषमंडळी सरणाची तयारी करत होती. गोवऱ्या कमी पडल्या, तेव्हा आमचे चुलत दीर, दत्ता भाऊजी, यांनी भिंतीवरच्या सगळ्या काढून नेल्या.

मला कळलं राख सावडायच्या दिवशी. घरामागं गेले, तर भिंत मोकळी.

डोकंच फिरलं माझं. भरल्या घरात भाऊजींना धरलं.

"आत्याबाईंचं बी जाळलं तुम्ही! एवढं एकच मागितलं होतं त्या माऊलीनं!"

"कसलं बी, वैनी? म्या तर..."

"एक शब्द बोलू नका!"

आमचे हे मध्ये पडले, तर त्यांनाही ऐकवलं. माझं तोंड माहीत आहे तुम्हाला सगळ्यांना.

भाऊजींनी आमच्या घरी यायचंच सोडलं. दिवाळीच्या सुमाराला बायकोला घेऊन ऊसतोडीला गेले. तिचा फोन आला, तर मी हं हं करून ठेवून दिला.

पण रोज अंगावर पाणी घेतलं की मला बाहेरून तो आवाज यावा असं वाटायचं. मागं पाणी नुसतंच मातीत जिरायचं. लई वाईट वाटायचं हो.

मग आली होळी. यंदा साखर कारखाना लवकर बंद झाला, भाऊजी घरी आले होते.

गल्लीतल्या होळीवर जो तो आपल्या घरची गोवरी ठेवत होता. मी नैवेद्याचं ताट घेऊन उभी. भाऊजींनी हातातली गोवरी पुढं केली आणि मला तिच्यावरचं कुंकू दिसलं.

"थांबा!"

असली ओरडले की पेटवणारासुद्धा काडी हातात धरून थांबला.

"ही कुठून आणली?"

"तुमच्याच भिंतीवरली हाय, वैनी. काकू गेली त्या दिशी आणलेली. कुंकू लावल्यालं दिसलं. म्हणलं देवाची असंल, सरणात कशी घालावी? ठेवली गोठ्यात आढ्याला खोचून. आज होळीला द्यावी म्हणलं."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुमी बी बी करत होता. गोवरीत बी असतंय हे मला काय ठावं? अन् बोलू तरी दिलं का तुमी?"

सगळी गल्ली खो खो हसली. मीही हसले, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेचना. गोवरी उराशी धरली होती. नव्या साडीला शेणाची भुकटी लागली. लागू दे.

दुसऱ्याच दिवशी गोवरी फोडली, बी भिजवलं, लावलं. बरंचसं उगवलंच नाही. एक वेल आला. एक पुरे.

आज नैवेद्याला त्याचाच पहिला दोडका. जावेला आणि भाऊजींना सकाळीच बोलावून घेतलं.

तसं नैवेद्याचं आधी चाखत नाहीत. पण फोड चाखल्याशिवाय आत्याबाई दोडका कढईत पडू द्यायच्या नाहीत. एखादा कडू निघतो आणि अख्खी भाजी वाया जाते. इतकं करून हा वेलच कडू निघाला तर?

शेवटी फोड भाऊजींच्या हातावर ठेवली. "खा. काकू रागावल्या तर तुमच्यावर."

भाऊजींनी चावली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी.

"गोड हाय, वैनी."

मी तिथंच फरशीवर बसले. विळी ओढली आणि उरलेला दोडका चिरायला घेतला.

मग केली भाजी, आत्याबाईंसारखीच. तेलात जिरं, हिरवी मिरची, दोडक्याच्या फोडी, झाकणावर पाणी. शेवटी शेंगदाण्याचं कूट. शिरांची तीळ घालून चटणी. बस्स.

ताटात वाढली, आणि घरभर त्यांच्या हातच्या भाजीचा वास आला.

वेलावर एक दोडका बियाला राखलाय, कुणी तोडू नये म्हणून चिंधी बांधून. यंदा दोन गोवऱ्या थापणार. एक आमच्या भिंतीला, एक भाऊजींच्या.

आत्याबाई, तुमचं माहेर शाबूत आहे. आता निवांत राहा.

तुमच्या तोंडाळ सुनेचा भरल्या मनानं नमस्कार.