फुकटची हवा

“हवा फुकटची हाय सर, मग मापता कशाला?” टाचेने ओल्या वाळूत रेघ ओढता ओढता काका दर वर्षी मला हेच विचारत. मग पावलांनी वीस मीटर मोजून दुसरी रेघ ओढत. मी टेप लावून बघे. चूक कधी सापडली नाही.

श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर तुम्ही कधी गेला असाल, तर त्यांची पाठ नक्की पाहिली असेल. तोंड कायम पाण्याकडे. ते तिथले जीवरक्षक, मी शाळेत खेळाचा मास्तर. पुढच्या वर्षी काम चालू राहायचं तर जीवरक्षकांना दमाची चाचणी द्यावी लागे, आणि ती घ्यायचं लचांड माझ्या गळ्यात पडलेलं.

चाचणी साधी, पण जीव काढणारी. मोबाइलवर ‘टूं’ वाजायच्या आत पलीकडची रेघ गाठायची, पुन्हा मागे. ‘टूं’ हळूहळू घाई करू लागतो. माणूस ज्या फेरीला मागे पडतो, तिच्यावरून त्याचं शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं याचा अंदाज बांधतात. हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे हवा किती घेतो ते न्हाय, किती पचवतो ते!” इतकं सोपं मला वर्गात कधी सांगता आलं नाही.

गेल्या वर्षी ते दोन फेऱ्यांनी कमी पडले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते, छातीचा भाता झाला होता. बाकीचे अजून धावत होते, कुणाचंच लक्ष नव्हतं. खरं सांगतो, असल्या पास-नापासाचा मला वीट आला होता. या वयात काम गेलं तर हा माणूस करणार काय? मी हळूच म्हटलं, “काका, दोनच फेऱ्या. भरून टाकतो.”

“न्हाय सर.” दम खात ते म्हणाले, “दोन फेऱ्यांत माणूस पाण्याखाली जातो. मी बघितलाय. खरं तेच लिवा.”

मी लिहिलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली. घामाने ओली होती.

यंदा ओहोटीची वेळ विचारायला फोन केला. हल्ली ते एका सुपारीच्या वाडीत राखणीला असतात. वेळ चटकन सांगितली. मी म्हटलं, “या ना काका, रेघा ओढायला तरी.”

“नको सर. तिथं आलो आन् कुणी हाक मारली, तर पाय धावत सुटतील. पोचायचे न्हाईत.”

त्यांनी सांगितलेल्या वेळेला वाळू बरोबर घट्ट होती. मी टाचेने रेघ ओढली, पावलं मोजली, दुसरी ओढली. टेप लावली तर हातभर कमी भरलं. कुणाला कळलं नसतं. मी रेघ पुसली आणि पुन्हा मोजायला लागलो.