व्याह्यांचा मान

रुसून बसण्यात माझ्या व्याह्यांची बरोबरी करील असा माणूस अख्ख्या युरोपात नसेल. सुनेचे वडील, साताऱ्याचे. न्यूनेन या डच गावात आमच्याकडे महिन्याभरासाठी आले आणि करोनात विमानं रद्द होत गेली, म्हणून राहिले ते राहिलेच. घरात अगदी गरीब गाय. लेकीच्या घरी आपल्याला भाजीसुद्धा दुसऱ्यांदा वाढू द्यायचे नाहीत. पण आमची नात ईशा जवळच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात आहे. तिचा सामना परगावी असला की या माणसाच्या अंगात यायचं.

त्यांना तीन मुली. मांडवाच्या दारात हात जोडून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची वऱ्हाडं उतरवून घेतली. माझ्या मुलाच्या लग्नात आमच्या मंडळींमागे पाण्याचा तांब्या घेऊन धावत होते ते हेच. आता म्हातारपणी पहिल्यांदाच ते स्वतः वऱ्हाडी झाले होते आणि मानपान सोडायला तयार नव्हते. अंगात कोट, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क. हॉल म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, एका बाजूला थोडी लाकडी बाकं आणि प्रेक्षक म्हणून कुणाची तरी आई. तिथे हे दारातच उभे राहायचे, कुणी “या, बसा” म्हणेपर्यंत. युट्रेख्टला असेच उभे असताना तिथल्या एका उंच मुलीला वाटलं, आजोबांची अडचण झालीय. तिनं त्यांना अदबीनं स्वच्छतागृहापाशी नेऊन सोडलं. परत आले ते फुगूनच.

“विहीणबाई, बाहेरगावची माणसं आलीत. चहा राहू दे, पाणी विचारलं नाही कुणी.”

“त्या यंत्राचं बटण दाबा, चहा येतो.”

“यंत्राच्या हातचा मी घेत नाही.”

ईशाला मात्र कधीच मैदानात उतरवत नसत. ती इतरांना पाण्याच्या बाटल्या द्यायची. व्याही ओरडायचे, “अहो मास्तर, पोरीला बाकावर वाळत घातलंय का?” प्रशिक्षकाला मराठी कळत नव्हतं, तो हसून हात हलवायचा. ईशा ओशाळून म्हणायची, “आजोबा, प्लीज, नॉट सो लाऊड!” तिला एकदा खेळताना बघायचं आणि मगच सातारा गाठायचा, असं या माणसानं पक्कं ठरवलं होतं.

दिवाळीनंतर विमानाचं तिकीट मिळालं आणि नेमकी तेव्हाच प्रेक्षकांना बंदी आली. जाण्याआधीचा शेवटचा सामना वाखनिंगनला. संघातल्या निम्म्या मुली करोनानं घरात कोंडलेल्या, म्हणजे ईशा खेळणार हे नक्की.

“बाबा, आत सोडणार नाहीत,” माझा मुलगा सासऱ्यांना म्हणाला.

“नाही तर नाही. आम्ही जाणार,” म्हणत त्यांनी कोट चढवला. मी निघाले, कारण त्यांना एकट्याला बस बदलता येत नाही.

दारातल्या मुलीनं आम्हाला बघून नकारार्थी मान हलवली. आता हे रुसणार, म्हणून मी तयारीत होते. ते रुसले नाहीत. हॉलला वळसा घालून मागे गेले. तिथे सायकलींपलीकडे एक काचेचं दार होतं, आतून पडदा ओढलेला, खाली वीतभर फट. खुर्चीवर धूळ दिसली तरी न बसणारा हा माणूस ओल्या गवतात गुडघे टेकून वाकला आणि गाल पार जमिनीला लावला.

“पिवळे बूट आपलेच ना?”

“आपलेच.”

“धावतायत, विहीणबाई! धावतायत!”

मी त्यांची टोपी धरून उभी होते. मध्यंतरात दारातली मुलगी दोन कागदी कपांतून कॉफी घेऊन मागे आली. आम्हाला कप देऊन आत गेली आणि पडदा वर झाला. व्याही धडपडत उठले. इतके दिवस ज्या मानासाठी रुसले, तो हातात वाफाळत होता. तर हा माणूस आपलाही कप माझ्यापुढे धरून म्हणतो, “आधी तुम्ही घ्या. मुलाकडच्या तुम्ही.”

“प्या गुपचूप,” मी म्हटलं. “आज मान तुमचा.”

तेवढ्यात खेळ सुरू झाला. ईशानं चेंडू टाकला, तो कड्याला लागून बाहेर गेला. व्याह्यांनी कपासकट टाळ्या वाजवल्या. कॉफी कोटावर.

आता हॉल उघडे आहेत. मी अधूनमधून जाते, बाकावर बसते, घरी येते. सामन्यानंतर साताऱ्याहून फोन येतो. कोण जिंकलं ते नंतर, आधी विचारतात, “चहा विचारला का कुणी?”

“विचारला की,” मी सांगते. विचारत कुणीच नाही.