सहावी पिन

तिला सगळे घडीताई म्हणायचे, छत्र्यांच्या घड्या घालायची म्हणून. विमानातून उड्या मारणाऱ्यांच्या पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात. मोठी उघडली नाही तर दुसरी, राखीव. ही राखीव छत्री सव्वीस वर्षं घडीताईने बांधली. वर लाल दोरा, दोऱ्याला शिशाचं सील आणि सीलवर तिच्या स्वतःच्या खुणेचा ठसा. मी शेजारच्या खोलीत पट्टे शिवायचो. मधे नुसता पडदा होता, त्यामुळे तिचं मोजणं रोज कानावर यायचं.

पिशवी बंद करताना आतला फास धरून ठेवायला एक तात्पुरती पिन घालतात, विसरू नये म्हणून तिला लाल फीत असते, आणि शेवटी ती काढून घेतात. ती आत राहिली तर छत्री उघडायची मूठ कितीही ओढा, छत्री बाहेर येत नाही. तिच्याकडे अशा सहा पिना होत्या आणि भिंतीवर सहा खिळे. प्रत्येक पिशवी झाली की ती मोठ्याने सहापर्यंत मोजायची, मगच सील.

"ताई, शाळेत सोडलेल्या पोरांसारख्या पिना मोजता हो!" मुख्य प्रशिक्षक दारातून चिडवायचा.

"शाळेत सोडलेली पोरं दुपारी आपोआप परत येतात," ती म्हणायची. "तुम्ही वरून सोडता त्यांचं तसं आहे का?"

सरकारने हा खेळ 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून सोडून दिलाय. म्हणून आमच्या उडी केंद्राची स्वतःचीच सुरक्षा समिती होती. मालक, मालकांचे साडू, मालकांच्या पगारावरचा मुख्य प्रशिक्षक, त्याच पगारावरचा पायलट, आणि पाचवा मी. मला का घेतलं असेल हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मी बोलत नाही, एवढंच कारण सापडतं. आपलेच दात, आपलेच ओठ. चावणार कोण?

त्या शनिवारी सकाळपासून प्रशिक्षक तिच्या दारात पाय आपटत उभा होता. "आटपा ताई, चार पिशव्या हव्यात, विमान तयार आहे." घाईत तिने सव्वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. चारही पिशव्या सील केल्या आणि मोजणं शेवटी ठेवलं. पडद्याआडून मी ऐकत होतो. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पुन्हा पहिल्यापासून, पाचपर्यंत.

ती तशीच बाहेर मालकांकडे आली. "विमान थांबवा. माझी एक पिन कुठल्यातरी पिशवीत राहिलीय. तीन फळीवर आहेत, चौथी गेली."

मालक म्हणाले, "टेबलाखाली पडली असेल. बघा नीट."

"बघितलं."

"मग पुन्हा बघा."

ऑफिसच्या जिन्यापाशी उभ्या उभ्या समितीची बैठक झाली. साडू म्हणाले, "इतकी माणसं खोळंबलीत. पिन संध्याकाळी शोधू. हात वर करा." चार हात वर गेले. माझा अर्ध्यात होता. तोही मोजला.

घडीताईने एकाचीही परवानगी मागितली नाही. आत जाऊन तिने आपलीच तीन सीलं तोडली आणि एकेक मूठ ओढली. तीन पांढऱ्या छत्र्या टेबलावर उसळल्या. पिन नाही. मग चपला तिथेच टाकून ती मैदानातून धावत सुटली. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे दुखणारी.

चौथी पिशवी एका नर्सच्या पाठीवर होती. पहिलीच उडी. तिचा एक पाय विमानाच्या पायरीवर होता.

"बाळ, खाली उतर," घडीताई ओरडली. तिला पाठमोरी करून तिने राखीव छत्रीची मूठ ओढली. काही झालं नाही. दोन्ही हातांनी ओढली, तरी काही नाही. पिशवीवरची झडप उचलली. आत पिन आडवी बसलेली, तिची लाल फीत तुटलेली.

नर्स म्हणाली, "मावशी, म्हणजे वर गेल्यावर ही..." ती गवतावर बसली.

विमानात चढण्याआधी ती झडप उचलून बघणं हे प्रशिक्षकाचं काम. कागदावर त्याची 'तपासलं' अशी खूण होती. त्याने झडपेला हात लावला नव्हता. त्याबद्दल आजतागायत कोणी चकार शब्द काढलेला नाही.

सोमवारी अहवाल आला. 'समितीच्या अंतर्गत सुरक्षा व्यवस्थेमुळे दुर्घटना टळली. दोष घडी घालणारीचा. ठसा जमा करण्यात यावा.' वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्यवस्था म्हणे! व्यवस्था अनवाणी पळत गेली होती.

घडीताई म्हणाली, "चूक माझी आहे. ठळक अक्षरात लिहा. पण मी थांबवा म्हटलं आणि तुम्ही थांबवलं नाही, तेही लिहा."

साडू हसले. "घरचं धुणं रस्त्यावर धुवायचं नसतं, ताई."

"घर तुमचं आहे. पण पाठीवर पिशवी बांधून घेतात ती परकी माणसं असतात." तिने ठशाचं यंत्र टेबलावर ठेवलं. पाच पिना खिळ्यांवर टांगल्या, सहावी त्यांच्या अहवालावर ठेवली आणि गेली.

कागद सहीसाठी माझ्याकडे आला. मी सही केली नाही. खाली एक वाक्य लिहून परत दिला. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर अहवालाची स्वच्छ प्रत लागली. चार सह्या, वर 'एकमताने'. माझं वाक्य नव्हतं.

आता पडद्यापलीकडे नवा माणूस आहे. हात चलाख आहे त्याचा. मोजणं मात्र ऐकू येत नाही. मी दोनदा सांगून पाहिलं, तो हसला.

म्हणून ते वाक्य इथे पुन्हा लिहितो, इथून तरी कोणी खोडणार नाही. घडीताईने विमान थांबवा म्हटलं, समितीने नाही म्हटलं, आणि त्या नकारात माझाही हात होता.